दुसऱ्या बाजूची चार मिनिटं

एका रेकॉर्डचा खरा खर्च सांगतो. तीन गुरुवार, क्लॅरिओनेटच्या चार रीड आणि तरुणपणापासूनची जळफळ.

रेकॉर्ड गौतमची. जळफळ माझी.

गौतम काल सकाळी गेला.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं पिंपरीतल्या एकाच कंपनीत टर्नर. लग्नसराईत एकाच बँडमध्ये. तो क्लॅरिओनेट, मी साइड ड्रम.
वरात माझ्या ठेक्यावर नाचते, हे मी त्याला रोज ऐकवायचो.

मग त्याला खडकीचा फ्रेडी भेटला, सॅक्सोफोनवाला. आणि मशिनं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर. त्याच्याकडे व्हायोलिन होतं, स्पूलचा टेपरेकॉर्डर होता.

गुरुवारी एमआयडीसी बंद, सगळीकडे शांत. म्हणून एका रिकाम्या शेडमध्ये तिघं जमायचे.
"जॅझ आहे," म्हणाले.
चाल ठरलेली नाही, ताल नाही, कागदावर काही नाही. एकाने फुंकायचं, दुसऱ्याने त्यातून वाट काढायची.

पहिल्या गुरुवारी मीही ड्रम घेऊन गेलो. झकास ठेका धरला.

गौतम थांबला. "दत्त्या, ठेका नको धरू."
"मग काय धरू, तुझे पाय?"
"काहीच नको धरू राव. बघ तर."

नाही जमलं. काड्या पिशवीत टाकल्या आणि सायकल मारत घरी आलो.

तीन गुरुवारांची टेप घेऊन जर्मन परत गेला, तिकडे रेकॉर्ड निघाली. पाच प्रती पोस्टाने आल्या. कव्हरवर तीन नावं. त्यातली एक प्रत गौतमने स्वतः मला आणून दिली.

चारचौघांत मी म्हणायचो, "कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाजतंय."

घरी दार लावून ऐकायचो.

दुसऱ्या बाजूला चार मिनिटं आहेत. एक सूर किंचाळतो, फाटतो, मग लहान पोरासारखे हुंदके देतो. अंगाची लाही व्हायची. कालपरवापर्यंत माझ्या शेजारी वरातीत वाजवणारा माणूस, याच्यात हे आलं कुठून?

तसे माझे कान पक्के. भोसरीत स्वतःचं वर्कशॉप काढलं, केबिनमध्ये बसून सांगतो, कुठल्या लेथवर टूल बोथट झालंय. गौतमची फुंक तर झोपेतही ओळखली असती.

त्याने एकदाच विचारलं. "ऐकलीस का रे?"
"धंद्यातून वेळ कुठंय, गौत्या?"
पुन्हा नाही विचारलं त्याने.

आज रहाटणीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या मुलीने, सुजाताने, ती रेकॉर्ड लावली होती. ती चार मिनिटं आली आणि मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर बोललो,
"पोरी, असं तुझ्या बापासारखं कुणी वाजवलं नाही. त्याला हे कधी सांगितलं नाही मी. जळायचो."

तिने माझा हात धरला.
"काका, हा फ्रेडीअंकलचा सॅक्सोफोन आहे. बाबा इथं वाजवतच नाहीत."

गौतम, जय भीम. रेकॉर्ड फार चांगली झालीय रे. उशिरा सांगतोय.

ज्या चार मिनिटांवर जळलो, ती फ्रेडीची निघाली.