पटाच्या कडेची रांग

भूजलावरचा हा खेळ मीच पुठ्ठ्यावर बनवला. मधल्या वाटीतले निळे मणी म्हणजे जमिनीतलं पाणी. प्रत्येकाने आपल्या बोअरने ते उपसायचं आणि वाटी रिकामी झाली की सगळेच हरले. त्या धक्क्याने मुलं शहाणी होतील, अशी माझी खात्री.

काल गावातल्या शाळेत पाचव्या फेरीतच मणी संपले.

"हरलात सगळे!" मी म्हणाले.

कुणाचाच चेहरा पडला नाही. मुलांनी आपापल्या सोंगट्या पटाच्या कडेला एकामागे एक लावल्या.

"हे काय?"

"नंबर लावलाय, मॅडम," एक मुलगी म्हणाली. "आता टँकर येईल ना."

पाणी संपणं म्हणजे हरणं, हे मी शहरात बसून ठरवलं होतं. त्यांची तर रोजची सकाळच तिथून सुरू होते.

खेळ आवरायचा होता, पण ती रांग मोडायला माझा हात धजेना.