पहिल्या ओळीतलं नाव

मुलांनो, तुमच्या मोठ्या मामाआजोबांच्या कपाळावरची आडवी खूण तुम्ही फोटोत पाहिली आहे. ते पायरीवरून पडले, असं घरात सगळे सांगतात. ते खोटं आहे. माझ्या धाकट्या भावाने त्यांना मेणबत्तीच्या पितळी स्टँडने मारलं, आणि त्याला कारण मी होते. क्रमाने सांगते.

दादा, म्हणजे तुमचे हे मामाआजोबा, धर्मगुरू. पेठच्या डोंगरात त्याने धर्मभगिनींचा एक छोटा संघ सुरू केला. अकरा सिस्टर, एक दवाखाना. जागा आमच्या आईची. संघाची प्रमुख कोण, हे बिशप ठरवत, पण नावं दादा सुचवत असे, पसंतीच्या क्रमाने तीन. पहिल्या ओळीतलं नाव बिशप सहसा बदलत नसत. संघाच्या नियमात दादाने स्वतः लिहून ठेवलं होतं की संस्थापकाच्या रक्ताचं कुणी प्रमुख होणार नाही. आमचे बिशप मराठी बोलत, पण त्यांना ते वाचता येत नसे, म्हणून दादाची इंग्रजी पत्रं नाशिकला माझ्या टेबलावर टाइप होत. तो फोनवर सांगे आणि नंतर न वाचता सही करी.

नवी प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा त्याने पहिलं नाव सांगितलं ते पेठकडच्याच एका आदिवासी सिस्टरचं. ती नर्स होती. त्याच संध्याकाळी धाकटा माझ्याकडे आला आणि टेबलावरचं पत्र त्याने वाचलं. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्याच संघात होती. त्याला ती प्रमुख व्हायला हवी होती.

"डोंगरातली ती पोरगी आमच्या आईच्या जागेवर राज्य करणार?" तो म्हणाला. "ताई, तू घरची आहेस का चर्चची?"

मी नियमाची आठवण करून दिली. त्याने माझं मनगट धरून टेबलावर आपटलं. समोरचा कप फुटला. लहानपणी वडील पट्टा काढत तेव्हा दादा धाकट्यावर आडवा पडायचा. हा मात्र मोठा होऊन वडिलांसारखा झाला होता. पण मी केवळ भीतीने बदल केला असं सांगितलं तर तेही खोटं ठरेल. भाची शिकलेली होती, माझ्यासारखं इंग्रजी बोलायची. प्रमुख म्हणून ती जास्त शोभेल असं मला वाटलं. मी भाचीचं नाव यादीत वर घातलं. नातं लिहिलं नाही. आडनावावरूनही ते कळण्यासारखं नव्हतं, कारण संघात सिस्टर आडनाव लावत नसत. दादाने सही केली.

नेमणुकीचं पत्र रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना सर्वांसमोर वाचतात. त्या रविवारी संघाच्या चर्चमध्ये दादा स्वतःच वेदीपाशी होता, धाकटा आणि मी समोर बसलो होतो. लिफाफा त्यानेच फोडला. भाचीचं नाव वाचून तो थांबला. मग कागद घडी करून म्हणाला, "ही माझी शिफारस नाही. ही माझी पुतणी आहे. ही नेमणूक मी मान्य करू शकत नाही."

लोक उठायच्या आत धाकटा वेदीमागच्या खोलीत शिरला. मी मागोमाग. दादा डोक्यावरून झगा काढत होता, हात वर, तोंड झाकलेलं. पहिला घाव त्याला दिसलाच नाही. कपाळ फुटलं. पांढऱ्या झग्यात गुरफटलेला तो भिंतीवर आदळला, आणि धाकट्याने त्याच्या बरगड्यांवर दोनदा मारलं. पेठची सिस्टर मध्ये घुसली. चौथा घाव तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी दारात उभी होते, पर्स छातीशी धरून.

भाची आत आली, बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, आता मला मारा."

त्याने स्टँड टाकला नाही. तिच्या मागे असलेल्या कपाटाची काच फोडली, मग निघून गेला.

हॉस्पिटलात दादाने डॉक्टरांना सांगितलं की पाय घसरला. पेठच्या सिस्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण पडले असंही म्हणणार नाही." दादाने मान खाली घातली.

टाके घालून झाल्यावर मी त्याला सांगितलं, नावं मी बदलली.

"तो मारतो, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुझ्यावर मात्र मी डोळे मिटून विश्वास ठेवला. मीही नियम मोडलाच ना? रक्ताचं माणूस मी पत्रांच्या टेबलाशी बसवलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र सांगितलं. पहिली ओळ, पेठच्या सिस्टरला नेमावं. दुसरी, संस्थापक या नात्याने मी आजपासून संघाच्या कोणत्याही कामात नसेन. दुसरी ओळ मी टाइप करेना. मी त्याला म्हटलं, शिक्षा मला कर, तुझं आयुष्य तिथे आहे.

"लिही," तो म्हणाला. "नाहीतर तो तिथे परत येईल. नावं सुचवणं माझ्या हातात असेल तोवर येतच राहील."

मी लिहिलं. खाली माझ्या नावाने तिसरी ओळ घातली, आधीच्या पत्रात मी काय केलं ती. बिशपांनी तिन्ही मान्य केल्या. सिस्टरने प्लॅस्टरमधल्या हाताने कारभार घेतला. भाची तिच्याच हाताखाली दवाखान्यात राहिली. दादा वृद्ध धर्मगुरूंसाठीच्या निवासात राहायला गेला. त्याची पत्रं आता तिथला एक धर्मबंधू टाइप करतो.