पाणी कमी पीत जा

चाकणच्या त्या कारखान्यात साबियाला सगळे 'लॅबवाल्या मॅडम' म्हणत. नावाने हाक मारणारा एकटा भट्टीवरचा चिमाजी, आणि तोही 'साबियाताय' म्हणायचा. अकरा वर्षं झाली. गिअर कडक करायच्या भट्ट्या दोनाच्या पाच झाल्या, शेड वाढल्या, मागची मोकळी जागा जाऊन तिथे ट्रकचा तळ झाला. पण शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष भट्ट्यांच्या कामावर, बाई इंजिनिअर एकच राहिली. साबियाला ताप आला की त्या दिवशी शॉपवर बाई शून्य.

काळेवाडीतल्या सरदार मेकॅनिकची ही थोरली. गॅरेजमध्ये तुटका बोल्ट निघाला की सरदार तो भंगारात टाकायच्या आधी पोरीला हाक मारायचा. तुटलेलं तोंड उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "दाणा बघ बेटा. मोठा आहे, चमकतोय. जळालेला माल आहे हा." त्या दाण्याच्या नादाने पोरगी मेटलर्जीला गेली. नातेवाईकांनी तोंडं वाकडी केली, लोखंड शिकून भंगाराचं दुकान टाकणार का म्हणून विचारलं. सरदारने एकाला उत्तर दिलं नाही. वर्गात छपन्न मुलं आणि ही एक. नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न भट्टीबद्दल नव्हताच. लग्न कधी करणार, हा होता. दुसरा प्रश्न नावावरून होता, तो मी सांगत नाही. तुम्हाला कळला असेलच.

तिचं काम सांगायला सोपं. भट्टीतून निघालेल्या मालातला एक नग कापायचा, घासून घासून आरशासारखा करायचा, वर आम्लाचा हात फिरवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. पोलादाच्या पोटात काय झालंय ते तिथे दिसतं. ठीक असलं तर सही, नसलं तर अख्खी बॅच परत. तीन प्लँट हेड आले नि गेले, तिघांनीही कधी ना कधी "मॅडम, एवढं चालवून घ्या" म्हणून पाहिलं. तिने चालवून घेतलं नाही. खोट्या रिपोर्टवर तिची सही कधी झाली नाही. लोखंडाच्या रिपोर्टवर, म्हणजे. एवढा एक शब्द लक्षात ठेवा.

आता जरा अवघड गोष्ट. बोलायला लाज वाटावी अशी आहे, पण लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटली नाही, म्हणून आपण बोलू. शॉपवर बायकांसाठी बाथरूम नव्हतं. पुरुषांसाठी दोन होती. बायकांचं होतं ते ऑफिसच्या इमारतीत. म्हणजे शेड ओलांडायची, ट्रकच्या तळातून जायचं, मधल्या फाटकावर वॉचमनला नाव नि वेळ सांगायची, मग जिना. जाऊन येऊन पंचवीस मिनिटं. परत आलं की लाइनवरचा कुणीतरी घड्याळाकडे बघून हसायचा. "मॅडम गावाला जाऊन आल्या का?"

साबियाने यावर आपल्यापुरता तोडगा काढला. पाणी प्यायचंच नाही. सकाळी घरून निघताना अर्धा पेला, मग थेट जेवणाच्या सुट्टीत. घसा सुकला तर लवंग चघळायची. त्यासाठी तिच्या कोटाच्या खिशात एक छोटी डबी असे. रमजानचे रोजेसुद्धा तिने भट्टीशेजारी काढले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर म्हणाले असते, उद्या चक्कर येऊन पडल्या तर जबाबदार कोण? अकरा वर्षं तिने हे निभावलं आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमान होता. ती त्याला आपली हुशारी समजायची.

दीड वर्षापूर्वी परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाईकाने विचारलं, तुमच्याकडे महिला इंजिनिअर किती? झालं, धावपळ उडाली. साबियाचा फोटो काढून भिंतीवर लागला, हातात गिअर देऊन. एचआरच्या विजयश्री मॅडम एक फॉर्म घेऊन लॅबमध्ये आल्या. महिला समितीच्या प्रमुख म्हणून साबियाची सही हवी होती. सातव्या ओळीत प्रश्न होता, कामाच्या जागेजवळ महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का?

"नाहीये," साबिया म्हणाली.

"मंजूर झालंय हो. महिन्याभरात बांधतील," विजयश्री म्हणाल्या. "आत्ता 'नाही' लिहिलं तर मुलींसाठी काढलेल्या ट्रेनिंगच्या चारही जागा जातील. तुम्हालाच हव्या होत्या ना मुली?"

हव्या होत्या. फार हव्या होत्या. आधी पोरी आत येऊ देत, बाकीचं मागून येईल, असा विचार करून साबियाने 'आहे' वर खूण केली आणि सही ठोकली.

चार मुली आल्या. तिघींना ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसवलं. शॉपवर आली एकटी दिव्या, उदगीरची. आई बालवाडीत शिकवते, वडील नाहीत, घरात शब्द चालतो तो काकांचा. काकांनी एक वर्ष दिलं होतं. वर्षाचं ट्रेनिंग संपून कायम झाली तर राहा, नाही तर परत ये, स्थळ बघून ठेवलंय. दिव्या पहिल्याच आठवड्यात हे सगळं सांगून मोकळी झाली आणि म्हणाली, "मॅडम, मला कायम व्हायचंय बघा. काही पण करीन मी."

पोरगी सोन्यासारखी होती. नमुना घासताना हात इतका हलका की एक ओरखडा राहायचा नाही. तिसऱ्या महिन्यात तिने मायक्रोस्कोपखाली एक बॅच बघितली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "मॅडम, दाणा मोठा वाटायलाय मला." साबियाने बघितलं. खरंच मोठा होता. त्या संध्याकाळी साबिया काळेवाडीला वडलांकडे गेली आणि दारातूनच म्हणाली, "अब्बा, आपल्यासारखी एक भेटली." सरदार गुडघे धरून उठला आणि त्याने स्वतः चहा टाकला.

तर या दिव्याला पहिल्या दिवशी साबियाने काय शिकवलं असेल? हातमोजे कुठे, चष्मा कुठे, आम्लाची बाटली कशी धरायची, आणि मग आवाज खाली आणून, "पाणी कमी पीत जा. बाथरूम लांब आहे, सारखं गेलं की बोलतात. ट्रेनिंगच्या वर्षात कुणाला बोट दाखवायला जागा देऊ नको." आणि स्वतःच्या खिशातली लवंगांची डबी तिच्या हातावर ठेवली. प्रेमाने ठेवली हो! म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

महिना झाला, दोन झाले, बाथरूमसाठी आणलेल्या विटा दुसऱ्याच भिंतीला लागल्या. साबियाने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "प्रोसेसमध्ये आहे." चौथ्यांदा विचारलं नाही. दिव्याला दोनदा उन्हाळी लागली, लघवीला आग आग व्हायची, पोरगी ओटीपोट धरून बसायची. साबिया म्हणाली, "होतं सुरुवातीला. घरी गेल्यावर धण्याचं पाणी पी. सवय होईल." एकदा चिमाजीने आपली बाटली दिव्यापुढे धरली. "पोरी, पानी पी की गं. भट्टीपाशी असं ऱ्हात न्हाईत." दिव्याने मान हलवली आणि तोंडात लवंग टाकली. चिमाजीने साबियाकडे पाहिलं. साबियाने कागदात डोकं घातलं.

वर्ष भरायला पाच आठवडे राहिले होते. एप्रिलातला मंगळवार, दुपारी दोनची वेळ. दिव्या नमुना आणायला चार नंबरच्या भट्टीकडे गेली. ट्रे नुकताच बाहेर आला होता. चिमाजीने नंतर सांगितलं, पोरगी उभी होती ती उभ्या उभ्या खाली गेली, आणि जाताना आधाराला हात टाकला तो ट्रेवर. उजवा हात. त्याने हातमोज्यानिशी तिला ओढलं, तरी तळव्याचं आणि बोटांचं कातडं गेलंच. दवाखान्यात नर्सने तिच्या खिशातून डबी काढून साबियाच्या हातात दिली. साबियाने ती मुठीत धरली आणि बाकावर बसून राहिली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अंगात पाणीच नाही हो या मुलीच्या, काय चाललंय तुमच्याकडे?

दहा दिवसांनी चौकशी बसली. विजयश्री, प्लँटचे साहेब, साबिया, आणि समोर दिव्या, हाताला बँडेज. साहेबांनी विचारलं, "पाणी का पीत नव्हता तुम्ही? कुलर आहे तिथे."

फॉर्म टेबलावरच होता, सातवी ओळ वर, खाली तिची सही. साबियाला वाटलं, पोरगी आता माझं नाव घेणार. घ्यावंच तिने.

दिव्याने एकदा साबियाकडे पाहिलं. मग म्हणाली, "उपवास होता सर. संकष्टीचा."

विजयश्रींच्या डोक्यामागेच कॅलेंडर टांगलं होतं. संकष्टी त्या मंगळवारी नव्हती, आदल्या आठवड्यात होऊन गेली होती. तांबड्या अक्षरात लिहिलेलं होतं. साबियाने वाचलं. बाकी कुणी मान वळवण्याची तसदी घेतली नाही. साहेबांना उत्तर आवडलं. कंपनीची चूक नाही, उपवास पोरीचा. विजयश्रींनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही बोलायचंय?"

आता बोलावं. आत्ता. पण मनात तेच जुनं गणित सुरू झालं. बोलले तर सही खोटी ठरेल, मी जाईन, मग पोरींच्या बाजूने इथे राहील कोण? मी राहिले तर दिव्याला कायम करून घेता येईल. आज गप्प बसू, उद्या साहेबांना एकटं गाठून बोलू.

"नाही," साबिया म्हणाली.

उद्या आलाच नाही. निष्कर्ष निघाला तो असा, उमेदवाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने स्वतःला इजा करून घेतली, म्हणून ट्रेनिंग पुढे चालू ठेवता येणार नाही. दवाखान्याचा खर्च कंपनीने केला, त्याचं कौतुक वर. दिव्याने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली आणि फाटकातून बाहेर पडली. साबियाला कळलं ते तिसऱ्या दिवशी, चिमाजीकडून. "गेली पोर," तो म्हणाला, आणि मग, "तुमी व्हता ना त्या खोलीत?"

हे मात्र तिच्या काळजात घुसलं. ती तशीच लॅबमध्ये गेली आणि सगळं लिहून काढलं. बाथरूम नव्हतं. फॉर्म खोटा आहे. सही माझी आहे. पाणी पिऊ नको असं मीच सांगितलं होतं. उपवास नव्हता. कागद नेऊन विजयश्रींच्या टेबलावर ठेवला. विजयश्रींनी दोनदा वाचला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. पण म्हणाल्या काय, तर "मॅडम, मुलगी तर गेली. आता कुणाला उपयोग याचा?"

उपयोग नाही कसा, झाला की! आठवड्याभरात आदेश निघाला, भट्टीचा विभाग महिलांसाठी सुरक्षित नाही, यापुढे तिथे मुली घेऊ नयेत. साबियाचा सहीचा अधिकार काढून घेतला, कारण खोट्या कागदावर सही केल्याचं तिनेच लिहून दिलं होतं. तिला ऑफिसच्या इमारतीत फायली लावायला बसवलं. आणि गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला येणार म्हणून अठरा दिवसांत शॉपला लागून बाथरूम बांधून तयार! पांढऱ्या फरश्या, दारावर 'महिला' अशी पाटी. माणसं आली, फोटो काढून गेली. शॉपवर बाई एकही नव्हती. आता तिथे झाडू आणि रिकामे कॅन ठेवतात.

कागद दिला त्यानंतरच्या रविवारी साबिया चऱ्होलीला गेली. नव्या इमारतींच्या रांगेत चौथ्या मजल्यावर दिव्याची खोली, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याची. बॅगा भरलेल्या होत्या, काका सोमवारी न्यायला येणार होते. हाताचं बँडेज निघालं होतं. कातडं गुलाबी, ताणलेलं, मधली दोन बोटं मिटत नव्हती. त्या बोटांना नमुना आता कधी धरता येणार नाही, हे साबियाला बघताक्षणी कळलं.

"मी खरं लिहून दिलं," साबिया म्हणाली. "सगळं. माझं नाव घालून."

"कधी?"

"तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी."

दिव्याने खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मी उपवास म्हटलं ना मॅडम, तवा मला वाटलं तुम्ही म्हणाल, खोटं बोलायलीय ही. म्हणून तर तुमच्याकडं बघितलं मी."

साबियाला रडू फुटलं. समोरची बावीस-तेवीस वर्षांची पोर उठली, स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली आणि घरी आलेल्या माणसाला देतात तसा पाण्याचा पेला भरून घेऊन आली. उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताने पुढे केला.

"घ्या मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "इथं बाथरूम आहे."

साबियाने पेला घेतला. तो तसाच हातात धरून ती पुष्कळ वेळ बसून राहिली.