पितळी पक्ष्याचं पत्रक

पत्रक कसं लिहायचं हे मी अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकले. पीएच.डी. करता करता आम्ही वर्ग शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी पगारासाठी संप केला होता, तेव्हा. कागदाची एकच बाजू. पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मध्ये कुठेही ‘कदाचित’ नाही. हातमोजे घालून, बर्फात उभं राहून मी असे गठ्ठेच्या गठ्ठे वाटलेत. त्यामुळे जर्मनीहून परतल्यावर मी पहिल्या आठवड्यातच पत्रक लिहायला बसले, तेव्हा माझ्या रूममेटने नुसतं विचारलं, “आता कोण?”

आता एक म्युझियम.

माझी मावशी आणि काका ओहायोतल्या डब्लिनला राहतात. काका रिटायर झाले आणि त्यांनी जर्मनीची ट्रिप आखली. नऊ दिवस, पाच जुनी शहरं. मला जर्मन वाचता येतं म्हणून मलाही नेलं. काकांची पाहण्याची पद्धत ठरलेली: चर्चच्या दारात मावशीचा फोटो, आत दहा मिनिटं, बाहेर. “हे झालं. पुढचं बोला!” बाम्बर्गला नदीवर उभा असलेला टाउन हॉल आम्ही चालता चालता पाहिला. सगळीकडे दगडी फरसबंदी. तिसऱ्या दिवशी मावशीच्या टाचांना भेगा पडल्या आणि नंतर प्रत्येक म्युझियममध्ये ती तळमजल्यावरच्या कॅफेत बसून राहिली. “तू बघ आणि मला सांग,” म्हणायची.

न्यूरेंबर्गने मला खरंच गप्प केलं. नाझी काळात स्वतःच्याच देशाने केलेला गुन्हा इतक्या स्वच्छ अक्षरांत, पळवाट न ठेवता, भिंतीवर लिहिलेला मी आधी पाहिला नव्हता. म्हणूनच पाचव्या शहरात माझं डोकं फिरलं. त्या शहराचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या म्युझियमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, ‘इतर खंड’ अशी एक खोली होती. अख्खे खंड एका खोलीत! एका काचेत मुठीएवढा पितळी पक्षी. पाठीवर पकडायला कडी, पोटाखाली खरखरीत चौकटी. पाटीवर एवढंच: ‘पूजेतील पक्षी, देऊळ, पश्चिम भारत.’ कुठलं देऊळ? कोणी आणला? काही नाही. स्वतःच्या गुन्ह्यावर मजलेच्या मजले आणि आमच्यावर अर्धी ओळ.

मी फोटो काढला. खाली येऊन मावशीला सांगितलं, “आपल्या देवळातून चोरलंय यांनी.”

“असेल बाई,” ती चपलेतून पाय बाहेर काढत म्हणाली.

पत्रक चांगलं उतरलं, अजूनही माझं तेच मत आहे. शेवटची ओळ होती: ‘पक्षी त्याच्या देवळात परत पाठवा.’ सोबत म्युझियमला पत्र, खाली सह्या.

सह्या मिळाल्या मावशीकडच्या मंगळागौरीला. श्रावणातला मंगळवार अमेरिकेत शनिवारी येतो. बेसमेंटमध्ये तीसेक बायका, नऊवारी नेसलेल्या, फुगड्या घालून घामाघूम. मी क्लिपबोर्ड फिरवला. भराभर सह्या. कोणी वाचलं नाही. मावशीची भाची आहे, चांगलंच काहीतरी असणार! मला तेव्हा त्यात गैर वाटलं नाही. खरं तर आनंदच झाला.

क्लिपबोर्ड सगळ्यात शेवटी मावशीकडे गेला. तिने चष्मा लावला आणि पत्राला जोडलेला फोटो पाहिला.

“अगं, ही तर वज्री आहे.”

“काय?”

“वज्री! टाचा घासायची. न्हाणीघरात असायची आमच्या. अशी कडीला धरायची आणि खसाखसा. आत खडे असतात, घासताना वाजतात.”

साठीच्या पुढच्या सगळ्या एकदम हसल्या. एक काकू तर जमिनीवरच बसल्या. “टाच घासणी मागतेय गं ही जर्मनीकडे! तेही देवळासाठी!” मावशीची मुलगी इथेच जन्मलेली, ती म्हणाली, “वेट, इट्स अ फूट स्क्रबर? अँड आय साइन्ड?”

मला राग आला. लाजही वाटली, पण राग आधी. म्हटलं, “वज्री असली म्हणून मुद्दा बदलत नाही. चोरली ती चोरलीच.”

“चोरली कशावरून?” मावशी म्हणाली. “माझ्या आईची आम्ही मोडीत घातली आणि स्टीलचे डबे घेतले. कोणी सांगावं, तीच असेल.”

“मावशी, मुद्दा असा आहे की—”

“मुद्दा तुझा गं. पण सही माझी आहे.”

मी क्लिपबोर्ड घेऊन जिन्यावर जाऊन बसले. लिफाफा तयार होता, सोमवारी टाकायचा होता. पाठवलं असतं तर तिथे ज्याला कोणाला वज्री ठाऊक असेल, तो या तीस बायकांना हसला असता. नावं त्यांची होती, चूक माझी. आणि ज्या बाईने असाच पक्षी रोज हातात धरला, ती तळमजल्यावर कॉफी पीत बसलेली असताना मी तिला साधा फोटोसुद्धा दाखवला नव्हता. म्युझियमने कोणाला विचारलं नाही म्हणून मी ओरडत होते. मी तरी कोणाला विचारलं?

सह्यांचा कागद मी फाडला. जुन्या सह्या नव्या मजकुराखाली लावणं म्हणजे फसवणूक, तेवढं मला संपातही कळत होतं. नवं पत्र तिथेच लिहिलं. ही घरातली वस्तू आहे, पूजेतली नाही, पाटी बदला, आणि ती तुमच्याकडे कशी आली, हे तुमच्या नोंदीत असेल ते पाटीवर लिहा, नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. खाली जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं. काहींनी या खेपेला सही केली नाही. एक काकू स्पष्ट म्हणाल्या, “एका घासणीसाठी एवढं कशाला?” चालेल. ज्यांनी केली त्यांनी ऐकून केली. पहिली सही मावशीची.

महिन्याभराने उत्तर आलं. पाटी बदलतोय, नोंदीत फक्त ‘बाजारातून खरेदी’ एवढंच आहे आणि तेही लिहितोय. शेवटी एक विनंती होती: ही वस्तू नेमकी कशी धरतात, ते दाखवता येईल का?

पुढच्या शनिवारी मावशी टबच्या काठावर साडी गुडघ्यापर्यंत ओढून बसली, हातात वज्रीऐवजी फार्मसीतला टाच घासायचा दगड. काका व्हिडिओ घ्यायला फोन धरून उभे. एकदा घेतलं, दोनदा घेतलं.

“झालं, पुढचं बोला,” काका म्हणाले.

“काही झालं नाही,” मावशी म्हणाली. “टाच दिसली का नीट? परत घ्या.”