ओठांनी विचारलेला प्रश्न

धामणकर नाक्यावर कापड विणायच्या लूमच्या तेलाचा वास आला की शाळेतली ती दुपार आठवते. लढाईचा धडा होता म्हणून बाईंनी वळ गावच्या एका निवृत्त फौजीकाकांना बोलावलं होतं. तोफांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, "शत्रूला कसं पळवलंत?" हे बाईंनी ओरडून विचारलं तरी त्यांना ऐकू जाईना. मग माझ्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या घरातच लूम, त्या खडखडाटात सगळे नुसत्या ओठांनी बोलायचे. तिने तसंच, आवाज न काढता विचारलं, "काका, तुमचं कोण मेलं?" त्यांना ओठांवरून लगेच कळलं. "माझ्या ताटात जेवायचा तो," ते म्हणाले, "त्याला आणताच न्हाय आलं." बाईंनी घाईघाईने टाळ्या वाजवायला लावल्या. काका डोळे मिटून सांगतच राहिले. टाळ्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. आता इतिहास मी शिकवते. लढाईच्या धड्याला टाळ्या वाजवू देत नाही.