पूल ओलांडून आलेले शिरवाळे

"वाफ दाखव, मेल्या! वाफ खंय आसा ह्येची?"

जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष माझ्या गाड्यासमोर बोंबलत होता. आवाज असा, की शेजारणीच्या परातीतली खाजी उड्या मारायला लागली. त्याच्या हातात माझ्या सुपाचा वाडगा, आणि सुपावर वाफेचा धागासुद्धा नाही.

"ह्या थंड पाणी चिनी म्हणान लोकांका पाजतलंस? देवाच्या दारात? उचल गाडो! हंय माझो भाचो आयस्क्रीम लावतलो."

आलं! पोटातलं ओठावर आलं. देवळाच्या पायऱ्या उतरून माणूस पहिलं पाऊल जिथे टाकतो, ती माझी जागा. माझ्या बापाने तिथे चणे भाजले. पेडण्यातल्या या जत्रेत दुसरीकडे कुठेही गाडा लावा, माश्या मारत बसाल. तिथे लावा, पावसाळा सुखाने जातो. अध्यक्षाचा त्या जागेवर डोळा होता, आणि माझा त्याच्या डोळ्यावर.

"भाऊ, वाफ नाय हीच तर करामत!" मी त्याच्यापेक्षा वर ओरडलो. गर्दी जमली की माझ्या अंगात येतं.

मग मी कथा लावली. ती मला मुरगावच्या बंदरात लागलेल्या एका जहाजावरच्या चिनी स्वयंपाक्याने सांगितली. तो चिनीत सांगत होता, मी कोकणीत ऐकत होतो, शब्दन् शब्द कळला. तिकडे युन्नान म्हणून मुलूख आहे. तिथला एक पंडित परीक्षेसाठी तळ्यातल्या बेटावर जाऊन अभ्यासाला बसला. बायको रोज पूल ओलांडून त्याचं जेवण नेई. पूल केवढा? आमच्या इथल्या चोपड्याच्या पुलाच्या सातपट. (माझ्या तोंडात तो दर जत्रेला वाढतो.) पोचेपर्यंत शेवयांचा लगदा आणि सुपाचं गार पाणी. पंडित वाळून पापड झाला. एक दिवस बाईने कोंबडीचं सूप नेलं, वर चरबीचा जाड थर. बेटावर पोचली, तर आत सूप उकळतं तसंच! चरबीने ऊब झाकून धरलेली. तेव्हापासून ती शेवया वेगळ्या नेई आणि तिथेच सुपात सोडी. पंडित पहिला आला, आणि त्या शेवयांना पूल ओलांडून आलेल्या शेवया हे नाव पडलं.

त्यांच्या शेवया तांदळाच्या, आमचे शिरवाळेही तांदळाचे. माझी बायको साच्यातून ते असे सुरेख पाडते, की चिनी माणूस बघून रडेल. राहिली चरबी. जत्रेत सगळं शिवराक, कोंबडीचं नाव काढलं तरी गाव अंगावर येईल. म्हणून भाज्यांच्या कढावर आम्ही खोबरेलाचा बोटभर थर दिला.

"चिन्यांची गजाल माका सांगतंस?" अध्यक्ष फिस्कारला. "आमच्या घरात वाफ नाय त्येका थंड म्हणतत. सगळ्यांसमोर एका घोटात पितंय. गरम निघालां तर जागो तुझो. नाय तर ह्या गाड्याची लाकडां माझ्या चुलीत!"

"भाऊ, सवकास," माझी बायको म्हणाली. "फुंकून पिया—"

नेमका तेव्हाच माझा झारा टोपावर आपटला. झारा लोखंडाचा, आवाज होणारच.

त्याने घोट घेतला. मोठा घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे आधी बाहेर आले, आणि मागून जी किंकाळी आली ती हळर्णच्या किल्ल्यात ऐकू गेली असणार. वाडगा एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि अध्यक्ष सरळ देवळाच्या तळीत, तोंड उघडं ठेवून. मासे पळाले. शंभर मोबाइल वर झाले. माझं सूप खलास झालं. उरलेली माणसं रिकामा टोप बघायला येत होती.

पुढे कितीतरी दिवस तो गार पेजेवर होता आणि बोलणं खुणांनी. गाव इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. घरी बायको माझ्याशी बोलत नव्हती, म्हणजे तिथेही शांतता. मी मात्र नवा टोप आणला. पैज जिंकली होती, साक्षीला सगळी जत्रा होती.

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी कमिटी नेहमीसारखी चुन्याने गाड्यांच्या जागा आखत होती. मी गाडा ढकलत पायऱ्यांपाशी पोचलो. माझ्या चौकोनात आयस्क्रीमची पेटी. भाचा तिच्यावर बसून पाय हलवत होता.

मी चुन्याची बादली लाथेने उडवली. चार गावं गोळा होतील असा ओरडलो, "भाऊ! देवळाकडे तोंड करून सांगा! सूप गरम होतां काय नाय?"

अध्यक्षाने देवळाकडे तोंड केलं. हात जोडले. धोतरावरचा चुना झटकला.

"गरम होतां," तो म्हणाला. "जागो भाच्याक दिलंय."