फायनलचं दुसरं नाव

तिसरा चहा झाला तरी दुसरं नाव ठरत नव्हतं.

पहिलं नाव पाच मिनिटांत ठरलं होतं. उत्तरेकडची एक युनिव्हर्सिटी, सीझनभर एकही मॅच न हरलेली. तिच्याबद्दल चर्चाच नव्हती. फायनलला तिच्यासमोर कोण उभं राहणार, यावर आम्ही पाच जण सकाळपासून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका लेझर सेंटरच्या, म्हणजे खेळ-पोहण्याच्या संकुलाच्या, मीटिंग रूममध्ये बसलो होतो. खाली स्विमिंग पूल होता. खिडकी उघडली की क्लोरीनचा वास यायचा, बंद केली की हीटिंगने घुसमटायला व्हायचं. चेअरमन ग्रॅहम ती उघडत होते आणि हेलन बंद करत होती.

"बार्जमेन की टॅनर्स," ग्रॅहम म्हणाले. "दोनच नावं आहेत. एवढंही जमत नसेल तर नाणं आणतो."

मी तेव्हा बर्मिंगहॅमच्या एका सायंदैनिकात स्पोर्ट्स डेस्कवर होते. आधी नागपूरला डेस्कवर काम केलेलं. नवऱ्याला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, म्हणून मीही बर्मिंगहॅमची झाले. ज्या खेळाबद्दल लिहिते आहे तो फुटबॉल, पण अमेरिकन पद्धतीचा. हेल्मेट, खांद्यांवर पॅड्स, हातात बॉल घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. ब्रिटनमध्ये तो युनिव्हर्सिटीतली मुलं हौसेने खेळतात. रविवारी, चिखलात. बघायला काही आईवडील आणि एखादं कुत्रं. पेपरमध्ये त्याला चार इंच जागा मिळायची. असले चार इंच डेस्कवर सगळ्यात नव्या माणसाकडे येतात. मी ते नेमाने लिहीत राहिले, म्हणून लीगने मला पॅनलवर घेतलं.

पॅनल लागलं ते हवामानामुळे. त्या हिवाळ्यात ग्राउंड्स गोठली आणि बऱ्याच मॅचेस झाल्याच नाहीत. कुणाच्या जास्त झाल्या, कुणाच्या कमी. नुसतं पॉइंट्सचं टेबल बघून दोन टीम काढल्या असत्या तर आरडाओरडा झाला असता. लीगने ठरवलं की फायनलच्या दोन टीम पाच जणांचं पॅनल निवडेल. नियमात शब्द होता 'डिझर्विंग'. लायक. लायक कुणाला म्हणायचं, ते नियमात नव्हतं.

बार्जमेन मिडलंड्सचे, म्हणजे बर्मिंगहॅमच्याच भागातले, आमच्या वाचकांचे. टॅनर्स दक्षिणेचे. मैदानावर खेळून दोघेही एकदाच हरलेले, उत्तरेच्या त्याच टीमकडून. दोघांची एकमेकांशी मॅच बर्फात वाहून गेलेली. फरक पडत होता तो शेफर्ड्स नावाच्या तिसऱ्याच टीममुळे. वेल्सच्या सीमेजवळच्या एका लहान कॉलेजची ही टीम. टॅनर्सनी त्यांना धुऊन काढलं होतं. बार्जमेनही त्यांच्याविरुद्ध आरामात पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये शेफर्ड्सचा कॅलम नावाचा मुलगा टॅकल करायला डोकं खाली घालून धावला आणि उठलाच नाही. मानेचं हाड गेलं होतं. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. रेफरीच्या रिपोर्टमध्ये त्यापुढे एवढंच होतं, की बार्जमेनच्या कॅप्टनच्या विनंतीवरून मॅच थांबवली.

या लीगचा एक जुना नियम होता. जो थांबवा म्हणेल, तो हरला. पूर्वी पाऊस वाढला किंवा अंगाशी आलं की टीम्स कुणीतरी लंगडतंय असं दाखवून बाहेर पडायच्या, त्यावर काढलेला हा उपाय. त्या हिशेबाने बार्जमेन जिंकत आलेली मॅच हरले होते. टेबलमध्ये ते टॅनर्सच्या खाली गेले. पण टेबल आमच्यावर बंधनकारक नव्हतं. एका मुलाची मान मोडल्यावर मॅच थांबवणारी टीम लायक की नालायक, हे आम्ही ठरवायचं होतं.

"पोराने माणुसकी दाखवली," हेलन म्हणाली. ती एका कॉलेजचं स्पोर्ट्स ऑफिस चालवायची. "त्याची शिक्षा द्यायची का?"

"शिक्षा कोण देतंय?" डेस म्हणाला. डेस लंडनच्या हाउन्सलोचा, दिवसा विमानतळावर कामाला, शनिवार-रविवार रेफरी म्हणून तीस वर्षं घालवलेला. "मी रेफरी असताना एकाचा पाय असा वाकला होता की मला अजून दिसतो. अँब्युलन्स गेली आणि आम्ही खेळलो. क्रूर आहे हेलन, पण सगळे खेळले. याला नियम माहीत होता. त्याने थांबवली."

"टॅनर्सनी त्या शेफर्ड्सचं काय केलं बघितलंस ना? पुढे असूनही शेवटपर्यंत पहिली फळी मैदानात. अर्धी टीम जायबंदी करून पाठवली. ती पोरं बार्जमेनसमोर आली तीच लंगडत."

"ते वाईट दिसतं. नियमाबाहेर नाही."

पाचवे एक निवृत्त शिक्षक होते. ते मान डोलवायचे, दोन्हीकडे.

मला जे माहीत होतं, ते या खोलीत आणखी कुणालाही माहीत नव्हतं.

मॅचनंतरच्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. कॅलमला बर्मिंगहॅमला हलवलं होतं. बातमी म्हणून गेले, दुसरं कारण नव्हतं. वॉर्डबाहेर खुर्चीवर बार्जमेनचं जॅकेट घातलेला मुलगा बसला होता. कॅप्टन, निखिल सबनीस. आईवडील हाउन्सलोचे, हा तिथेच जन्मलेला. कॅलमने ज्याला टॅकल केलं तो बॉल घेऊन पळणारा हाच.

मी नाव सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"काकू, तुमचा नाव मी पेपरमध्ये बघतो. आई कट करून ठेवते."

कॅलमची आई आत होती. तो आत गेला नव्हता. रोज येत होता आणि बाहेर बसत होता.

"आत का जात नाहीस?"

"आत जाऊन काय बोलू? हे मॅन, सॉरी की मी अजून उभा आहे?"

मला विचारायचं होतं ते विचारलं. जिंकत असताना मॅच का थांबवली?

"ऑफ द रेकॉर्ड?"

"ऑफ द रेकॉर्ड," मी म्हणाले.

हे वाचकांना सांगायला हवं. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे समोरचा जे सांगेल ते छापायचं नाही, दुसरीकडे वापरायचं नाही, कुणाला बोलायचं नाही. शब्द आधी द्यावा लागतो. ऐकून मग ठरवते, असं म्हणता येत नाही.

"त्यांच्याकडे दहाच होते, काकू."

या खेळात मैदानावर अकरा लागतात. मोठ्या कॉलेजांकडे चाळीस-पन्नास मुलं असतात, हल्ल्याची वेगळी, बचावाची वेगळी. शेफर्ड्सची तीच मुलं दोन्हीकडे खेळायची. त्या दिवशी आली होती मोजकी, त्यातली काही आधीच बाहेर बसली होती. कॅलम गेल्यावर दहा उरले. अकरा उभे करता आले नाहीत तर त्याला डिफॉल्ट म्हणतात. मॅच त्यांनी सोडली असं धरतात. आणि एका सीझनमध्ये दोन डिफॉल्ट झाले की टीम लीगमधून बाहेर. शेफर्ड्सचा एक आधीच झाला होता. लांबच्या एका मॅचला त्यांची मिनीबस पोहोचलीच नव्हती.

"रेफ विचारायला येत होता, खेळणार का," निखिल म्हणाला. "त्यांच्या कॅप्टनने पण काउंट केला होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याने 'नाही खेळणार' बोलला असता तर त्यांचा टीम फिनिश. कॅलम आत अँब्युलन्समध्ये, आणि बाहेर टीम पण गेला. म्हणून मी आधी बोललो. आम्ही नाही खेळणार."

"रेफरीने मोजले नाहीत?"

"मी बोलल्यावर कशाला मोजेल?"

"तुझ्या मुलांना माहीत आहे?"

"कोणाला नाही. सगळे बिग माउथ आहेत. एकाने पबमध्ये सांगितला की झाला."

"मग ते काय समजतात?"

"समजतात सबनीस सॉफ्ट झाला. ब्लड बघून घाबरला." तो जमिनीकडे बघत होता. "ब्लड नव्हताच, काकू. नेकमध्ये ब्लड नसते."

त्याचं शेवटचं वर्ष होतं. टीममधल्या बहुतेकांचं होतं. पहिल्या वर्षापासून ते याच फायनलच्या मागे होते.

"पॅनलने तुम्हाला घेतलं नाही तर?"

"तुमी आहात ना पॅनलवर. तुमी बघा. पण ते नाही सांगायचा."

"ते न सांगता काय बघू, निखिल?"

"आय डोन्ट नो. सॉरी."

ऑफिसमध्ये आल्यावर स्पोर्ट्स एडिटर कीथने खुर्ची न फिरवता विचारलं, "हॉस्पिटलमध्ये स्टोरी आहे?"

"आहे."

"मग लिही."

"ऑफ द रेकॉर्ड आहे."

"मग नाही आहे," तो म्हणाला. विषय संपला. कीथने सोर्स कोण, तेही विचारलं नाही. आमच्या धंद्यात याला सभ्यपणा म्हणतात.

मिल्टन कीन्सच्या त्या खोलीत चौथा चहा आला. ग्रॅहमनी घड्याळ बघितलं. तेव्हा डेस रेफरीचा रिपोर्ट पुन्हा हातात घेऊन म्हणाला, "यात एक गोष्ट नाहीये. तो मुलगा गेल्यावर शेफर्ड्सचे किती उभे होते?"

"का?" हेलनने विचारलं.

"अकरा नसतील तर मॅच त्यांनी सोडली असती. बार्जमेनचा कॅप्टन काय म्हणाला याला अर्थच उरत नाही. तसं असेल तर मी आत्ता बार्जमेनला मत देतो आणि घरी जातो."

"रिपोर्टमध्ये नाही," ग्रॅहम म्हणाले.

"शेफर्ड्सना फोन करू."

"आणि काय विचारू? तुम्ही लीगमधून बाहेर पडण्याइतके कमी होतात का? ते काय उत्तर देतील?" ग्रॅहम माझ्याकडे वळले. "तुम्ही हॉस्पिटलला जाऊन आलात ना? काही कळलं?"

चौघं माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर डेसचं मत फिरलं असतं. हेलनचं होतं, माझं होतं. तीन झाली असती आणि निखिलची टीम फायनलला गेली असती. त्याच संध्याकाळी लीगने शेफर्ड्सच्या नावावर दुसरा डिफॉल्ट चढवला असता.

"नाव लावून सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही," मी म्हणाले.

डेस माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. तीस वर्षं त्याने मैदानावर खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे बघितले होते. मग त्याने रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"मग नियम," तो म्हणाला.

मतं चिठ्ठ्यांवर झाली. तीन टॅनर्स, दोन बार्जमेन. ग्रॅहमनी चिठ्ठ्या कपात टाकल्या आणि वर उरलेला चहा ओतला. पॅनलची पद्धत होती की मतं कशीही पडोत, बाहेर 'एकमताने' म्हणायचं. परत आल्यावर मी चार इंचांत तेच लिहिलं. पॅनलने एकमताने टॅनर्सची निवड केली.

दुसऱ्या दिवशी डेस्कवर बार्जमेनच्या एका खेळाडूचा फोन आला. त्याला कॅप्टनबद्दल कोट द्यायचा होता. "एका माणसाचे पाय लटपटले आणि आम्ही सगळे घरी बसलो. हे छापा."

"नाव देशील?"

"नाही."

मी छापलं नाही.

फायनल टॅनर्स वाईट हरले. मी बातमी दिली. बार्जमेनच्या सीझनअखेरच्या जेवणाला निखिल गेला नाही. त्याला बोलावलं होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. तो हॉस्पिटलला जात राहिला. कॅलमच्या आईने एक दिवस त्याला हाताला धरून आत नेलं, असं तो नंतर म्हणाला. आत काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. कॅलमच्या मानेखाली फारशी हालचाल परत आली नाही.

उन्हाळ्यात शेफर्ड्सच्या कॉलेजने टीम बंद केली. इन्शुरन्स आणि पालक, अशी दोन कारणं दिली. लीगने काढलं नाही, कॉलेजनेच काढलं. जी टीम वाचवायला निखिल आधी बोलला होता, ती पुढचा सीझन खेळलीच नाही.

त्या बातमीला मला दोन इंच मिळाले. ती छापून आली त्या दुपारी निखिलचा फोन आला.

"काकू, वाचला."

"हो."

"आता सांगितला तरी चालेल. आता कोण उरलाय?"

"तुझी टीम उरली आहे. त्यांना सांगू?"

"नको," तो म्हणाला. "आता बोललो तर एक्स्क्यूज वाटेल. नंतर कधीतरी लिहा."

ते आज लिहिते आहे. लिहिण्याआधी त्याला पुन्हा विचारलं. तो आता मिल्टन कीन्सला आयटीत आहे, मराठी आधीपेक्षा बरं बोलतो. त्या लेझर सेंटरमध्ये मुलीला पोहायला नेतो. वर मीटिंग रूम आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या सीझनपासून रेफरीच्या रिपोर्टमध्ये एक नवा रकाना आला. मॅच थांबली तेव्हा दोन्ही बाजूंचे किती खेळाडू उभे होते. सुचवला डेसने. मीटिंगमध्ये त्याने त्याचं कारण दिलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. 'डिझर्विंग' हा शब्द नियमात तसाच राहिला.

डेस्कवर नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगते, की ऑफ द रेकॉर्डला हो म्हणताना घाई करू नका. समोरच्याकडे काय आहे ते आधी ओळखा. ते विचारतात, कसं ओळखायचं? ते ओळखता येत नाही. मग त्यांना कामाला लावते.